देवळीतला चतकोर

आमच्या घरी जेवणारी माणसं चार. आबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू. कोण किती भाकरी खातो हे आईला तोंडपाठ होतं, आणि तिचा अंदाज चुकला असं मी कधी पाहिलं नाही. तरी दिवेलागणीला ती चुलीपुढे बसली, की सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्यावर, काटवटीतलं उरलंसुरलं पीठ गोळा करून एक भाकरी वरची थापायची. ती आबांची. आबा पाटावर बसायचे, आणि पहिला घास घ्यायच्या आधी त्या भाकरीचा चतकोर मोडायचे. बंडीच्या खिशातून धुतलेला रुमाल काढायचे, चतकोर त्यात बांधायचे आणि उठून आपल्या बाजेवरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून यायचे. मग जेवायला सुरुवात. सकाळी आम्ही उठेपर्यंत देवळी मोकळी असायची आणि रुमाल दोरीवर वाळत असायचा. पाहुणे असोत, सण असो, घरात कुणी आजारी असो, यात खंड नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असं करतात. शाळेत मैत्रिणीला विचारलं तर ती फिदीफिदी हसली, म्हणून मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

आबा लष्करातून आलेले. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस लष्करात, त्यामुळे त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. पारावर बसून बाकीचे पेन्शनर इटलीच्या आणि बर्माच्या गोष्टी सांगायचे, थोडी भर घालूनच सांगायचे. आबा ऐकायचे, सांगायचे मात्र नाहीत. त्यांना जपान्यांनी धरलं होतं आणि साडेतीन वर्षं ते कुठल्याशा बेटावर कैदेत होते, एवढंच आम्हाला ठाऊक. ते भात खात नसत, लग्नाच्या पंगतीतही भात वाढायला आले की पानावर हात आडवा धरायचे. आणि घरात जपान हा शब्द काढायचा नाही, हा आईचा कायदा. दत्तूने एकदा जत्रेतून चावीचा जपानी बेडूक आणला तर आईने तो आबा मळ्यातून यायच्या आत तसाच्या तसा परत करायला लावला. बिचारा दत्तू, आठवडाभर माझ्याशीही बोलला नाही, जणू मीच चहाडी केली होती.

अशा घरातली मुलगी जपानी शिकली. नशिबाची खोड म्हणायची, दुसरं काय? झालं असं की मॅट्रिकनंतर मी टायपिंग केलं आणि सांगलीला मामाकडे राहून एका कारखान्यात लागले. मामाचं घर गावभागात, नदीला जवळ. मामी हाताने सुगरण आणि जिभेने तिखट, भडंग करावं तर तिनेच. कारखान्यात एक मोठं जपानी मशीन आलं, आणि त्याबरोबर खोकंभर पुस्तकं आली, सगळी जपानीत. इंग्रजी कागद होते ते वाचून मशीन चालू झालं, पण बिघडलं की कुणाला काही कळेना. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं की जो कोणी जपानी शिकेल आणि पुण्याची परीक्षा पास होईल, त्याला कायम करू. मी रोजंदारीवर होते. दोन मुलांनी नाव दिलं, आणि तिसरं मी. आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ चुलीतली राख उकरत बसली. मग म्हणाली, शिक बाई, पण त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आबांना आम्ही सांगितलं की टायपिंगचा वरचा कोर्स आहे.

शिकवायला होते ते निवृत्त इंजिनिअर. चार वर्षं जपानात राहून आलेले, एकटे, विश्रामबागेत घर. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. रविवारी सकाळी सातला वर्ग. मास्तरांची एक पद्धत होती आणि तिच्यापुढे आमचं काही चालायचं नाही. नवीन काही शिकवलं की त्यावर दहा वाक्यं लिहून आणायची, आणि ती खरी हवीत. आपल्या घरातली, आपण डोळ्यांनी पाहिलेली. पुस्तकातल्यासारखं ‘माझा मित्र बागेत जातो’ लिहिलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, कोण मित्र, कुठली बाग? उत्तर आलं नाही की लाल शाईने काट. खोटं वाक्य पाठ होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आज इतकी वर्षं भाषांतरं करून मी सांगते, माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता. पण त्या पद्धतीने माझ्या घरात काय उलथापालथ केली ते त्यांना कधी कळलं नाही.

त्या रविवारी त्यांनी वारंवार घडणाऱ्या गोष्टी कशा सांगायच्या ते शिकवलं. आपण मराठीत ‘की’ म्हणून मोकळे होतो, पाहुणा आला की चहा, फार तर जेव्हा जेव्हा आणि तेव्हा तेव्हा. तिकडे त्याचे चांगले दोन-तीन प्रकार निघाले. रोज, दर आठवड्याला, असं घड्याळा-कॅलेंडरावर चालणारं एक. दर दोन खांबांमागे एक झाड, असं मोजून येणारं दुसरं. आणि तिसरं ‘ताबी नी’. हे तिसरं त्यांनी फळ्यावर मोठं लिहिलं. म्हणाले, रोज सूर्य उगवतो त्याला हे लावायचं नाही. एक गोष्ट घडली की तिच्यामागून दुसरी आलीच, दर खेपेला आली, आणि ते बघणाऱ्याच्या मनात बसलं, अशा ठिकाणी हे येतं. एखादं गाणं ऐकलं की दर वेळी गेलेलं माणूस आठवतं, तिथे. एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांची बायको तिकडेच वारली होती असं नंतर मामाकडून कळलं.

मी वाक्यं लिहायला बसले आणि काय सांगू, भराभर सुचत गेली. कृष्णेचं पाणी चढलं की दर वेळी मामा घाटाच्या किती पायऱ्या उरल्या ते मोजून येतो. पाहुणे आले की दर वेळी मामी साखरेचा डबा फळीवर मागे सरकवते. एसटी घाटात शिरली की आई डोळे मिटून घेते. दत्तू परीक्षेला निघाला की उजव्या पायातली चप्पल आधी घालतो. माणूस घरापासून लांब असला की घर त्याला असं तुकड्यातुकड्याने दिसतं. त्या वहीत मी साऱ्या घराला आणून बसवलं, आणि तेव्हा मला घरची इतकी आठवण आली की मामीने काय झालं म्हणून विचारलं. आठ वाक्यं झाली. नववं लिहिलं: जेवायला बसले की दर वेळी आबा चतकोर भाकरी मोडतात आणि देवळीत ठेवतात. आणि दहावं: दर सकाळी आई तो चतकोर म्हशीला घालते. मी पहाटे लवकर उठले की ते गोठ्यात दिसायचं. मास्तरांनी मामीच्या वाक्याला हसून मान डोलावली. नवव्या-दहाव्यापाशी थांबले, खाली लाल शाईनेच ‘खरं’ असं लिहिलं. तोंडी परीक्षेला हीच दहा वाक्यं ठासून पाठ कर म्हणाले.

परीक्षेच्या आधी मी दहा दिवसांची रजा काढून गावी आले. घरात पाठ करायची सोय नाही. मग दुपारी मळ्यात जायचं, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे सावलीत बसायचं, आणि मोटारीच्या घरघरीत मोठ्याने म्हणायचं. शेजारी बसलेल्याला ऐकू आलं नसतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी नववं वाक्य म्हणत होते. ‘चिची वा’, म्हणजे माझे वडील, इथून सुरू करून नववं झालं, दहावं घेतलं, आणि मध्येच वीज गेली. तेव्हा ती अशीच जायची, सांगून नाही आणि सवरून नाही. मोटार बंद पडली. मी तंद्रीत होते, त्या एकदम झालेल्या शांततेत मी दहावं वाक्य पूर्ण केलं, अगदी खड्या आवाजात, मास्तरांना हवं तसं. मग भानावर आले आणि वळून पाहिलं.

पंधरा पावलांवर, उसाच्या पहिल्या सरीत, आबा उभे होते. पाणी पाजत होते ते. खोरं बाजूला पडलेलं. पाय घोट्यापर्यंत चिखलात, टाचा जुळलेल्या, दोन्ही हात मांड्यांना लावून सरळ, नजर समोर. म्हातारा होत आलेला माझा बाप आपल्याच मळ्यात सावधान उभा होता. माझा आवाज थांबला तरी ते तसेच. मग कुठे त्यांचे खांदे उतरले, त्यांनी वाकून खोरं उचललं, सरीचं तोंड बांधलं आणि माझ्याकडे न बघता पुढच्या सरीला गेले. साडेतीन वर्षं ज्यांनी ती भाषा रात्रंदिवस ऐकली, तिच्यात हुकूम घेतले, त्यांना ती समजत असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी शिकलेली ना! मला वाटायचं भाषा म्हणजे वही आणि लाल शाई.

त्या संध्याकाळी आबा पाटावर बसले, भाकरी मोडली आणि खायला लागले. आई हातातलं कालवण तसंच धरून उभी राहिली. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताटात हात धुतला आणि उठून गेले. टोपल्यात वरची भाकरी अख्खी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ते माझ्यावर रागावले नाहीत, बोलायचं तेवढं बोलत होते, पण त्यांची झोप उडाली. दिवसा बांधावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. चौथ्या दिवशी गोठ्यात आईने मला गाठलं आणि मी काय केलं ते सगळं ओकायला लावलं. दहावं वाक्य ऐकलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

“म्हशीचं बोललीस?” ती म्हणाली. “आगं, ते त्यास्नी म्हाईत न्हवतं.”

मी म्हटलं, कसं माहीत नसेल, इतकी वर्षं? मग तिने सांगितलं. लढाईवरून आले त्याच महिन्यात तिला देवळीत तो चतकोर सापडला, मुंग्या लागलेल्या. तिने तो गुपचूप म्हशीला घातला आणि रुमाल धुऊन टाकला. तेव्हापासून रोज पहाटे ते उठायच्या आत. त्यांनी कधी विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही, कशासाठी ठेवता हेही विचारलं नाही. दोघांचा असा सव्वीस-सत्तावीस वर्षं मुका संसार चालला होता, आणि तो मी एका वाक्यात उघडा पाडला. आई मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती डोळ्याला पदर लावून म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षा, नोकरी, कायम होणं, सगळं मला त्या घटकेला नकोसं वाटलं. आबांनी देवळीत परत चतकोर ठेवावा, बस, दुसरं काही नको.

मी तशीच मळ्यात गेले. आबा पाटाच्या कडेला बसले होते. मी समोर उभी राहून म्हटलं, आबा, माझं चुकलं, मी तो क्लास सोडते, परीक्षेला जात नाही. त्यांनी मला खाली बसायची खूण केली. पाट वाहत होता, त्यात त्यांनी पाय सोडले होते. मग बोलले ते माझ्याशी नाही, त्या पाण्याशी बोलल्यासारखे.

“म्हसवडचा रामू हुता माझ्यासंगं. एका पलटणीतला. त्याचं पाय सुजलं, त्याला काम हुईना. काम न्हाई त्याला भात अर्धा. मग मी माझ्यातला मूठभर रुमालात बांधून त्याला न्यायचो. दर टायमाला. पाच-सा म्हैनं. आन् एकदा न्हाई नेला. लय भूक लागली हुती. वाटंतच खाल्ला. त्यो माझ्या हाताकडं बगत हुता, मी म्हणलं आज गावलं न्हाई. सकाळी उटवाया गेलो तर गेल्याला.”

मी म्हटलं, एका मुठीने माणूस जगत नाही की मरत नाही, आबा. ते म्हणाले, ते मला डाक्टरनंबी सांगितलं. आणि मग ते वाक्य, जे मी या वयातही विसरले नाही.

“सकाळी देवळी मोकळी दिसायची. मी कवा इचारलं न्हाई. इचारलं असतं तर कळलं असतं.”

मला रडू आवरेना. आबा रडले नाहीत. त्यांनी पाय पाण्यातून काढले, पुसले आणि म्हणाले, क्लास सोडायचा नाही. भाषेने कुणाचं काय वाकडं केलंय? त्यांच्यातही बरे होते, एकजण चोरून मीठ द्यायचा. नोकरी कायम होतीय ना, मग झालं. आणि जाता जाता, माझा बाप तो, खोड कशी काढणार नाही? म्हणाले, तुझं बोलणं लय मिळमिळीत हाय, ते लोक असं पोथी वाचल्यागत बोलत न्हाईत. मी रडता रडता हसले. पण संध्याकाळी देवळी मोकळीच राहिली, आणि जायच्या दिवसापर्यंत मोकळीच होती. आई वरची भाकरी मात्र रोज थापत होती, हाताला सवयच ती.

परीक्षेला निघाले त्या दिवशी आबा मला सोडायला साताऱ्याच्या स्टँडवर आले. एरवी दत्तू यायचा. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. पुण्याची गाडी लागली तसा त्यांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. मी ओळखला तो. गाठ सोडून माझ्यापुढे धरला, चतकोर होता, आदल्या संध्याकाळचा. म्हणजे त्यांनी मोडला होता आणि देवळीत न ठेवता खिशातच ठेवला होता. “हितंच खा,” म्हणाले. “माझ्याम्होरं.” माझ्या सामानात आईने दिलेल्या दशम्या होत्या, पोट भरलेलं होतं, गर्दी धक्के देत होती. मी त्या गर्दीत उभी राहून कोरडा, वातड झालेला चतकोर चावून चावून खाल्ला. आबा शेवटच्या घासापर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होते. “सपला?” त्यांनी विचारलं. मी सपला म्हटलं. त्यांनी रुमाल झटकला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि माझी पिशवी घेऊन गर्दीत घुसून मला खिडकीची जागा धरून दिली. परीक्षेत मी दहाही वाक्यं म्हटली. दहाव्यात आई होती तिथे ‘आबा’ घातलं, म्हैस होती तिथे ‘मी’, आणि ‘दर सकाळी’ ऐवजी ‘घरून निघताना’.

मी पास झाले, कायम झाले, पुढे त्याच भाषेवर जगले. देवळीत पुन्हा कधी काही ठेवलं गेलं नाही. पण मी गावी असले की आदल्या संध्याकाळी चतकोर मोडला जायचा आणि निघताना माझ्या हातात पडायचा. पुढे गाडी गाठायची घाई असायची म्हणून स्टँडवर उभं राहून खाणं सुटलं, मी एसटीत बसून खायचे. आबांची त्याला हरकत नव्हती. पुढच्या खेपेला उंबऱ्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, खाल्लास का? मी म्हणायचे, खाल्ला. मग ते हुं करायचे, आणि मग इतर चौकशी, मामा कसा, पाणी किती आलंय. लग्नानंतरही हेच चाललं. माझ्या नवऱ्याला वाटायचं ही आमच्याकडची रीत आहे, आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.

आज माझ्या फ्लॅटमध्ये पोळ्या करायला बाई येते, ती मोजून सहा करते. भाकरी मी स्वतः करते, हात दुखतात तरी. तवा उतरवताना कुणीतरी दारातून विचारावं, खाल्लास का, असं इतकं वाटतं की मी एकदोनदा वळूनही पाहिलं आहे. विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलेलं आहे. एकदा कारखान्यात यायची जपानी माणसं पुण्याहून मोटारीने सांगलीला निघणार होती, त्यांना वाटेत भेटायला मी आदल्या दिवशी घरी वस्तीला उतरले, सकाळी त्यांची मोटार मला घ्यायला फाट्यावर आली. आबा तिथवर चालत आले होते. काचेतून त्यांनी रुमाल आत दिला. शेजारी दोन पाहुणे, अंगात कोट, त्यांच्यापुढे शिळी भाकरी कशी काढायची, मी ती पर्समध्ये टाकली. कराडला हॉटेलात जेवलो. ती मला आठ दिवसांनी सापडली, हिरवी पडलेली. पुढच्या खेपेला उंबऱ्यात आबांनी विचारलं आणि मी खाल्ला म्हणाले. ते हुं म्हणाले. त्याच वर्षी थंडीत ते गेले, झोपेत, काही त्रास न होता. 

दर टायमाला खाल्ला, आबा. एकदा न्हाई खाल्ला.